गळाची काठी, उंच गाडी आणि साठीनंतरचा खांदा

नारळी पौर्णिमा उलटली, भाद्रपदातला वारा मंदावला आणि समुद्राचे गढूळ पाणी निवळू लागले, की कोकणपट्टीत माळ्यावर ठेवलेल्या गळाच्या काठ्या खाली उतरतात. गरवणे हे इथे केवळ उपजीविकेचे साधन नाही. निवृत्तीनंतर अनेकांचा तो खरा विरंगुळा असतो. पूर्वी काठी बांबूची असे आणि ती खांद्यावर टाकून माणूस पायीच खाडी गाठत असे. आज काठी कार्बन तंतूंची किंवा फायबरग्लासची असते. मुलगा शहरातून थार, जिम्नी किंवा गुरखा यांसारखी चारही चाकांना जोर देणारी उंच गाडी घेऊन येतो आणि वडिलांना खडबडीत वाटेने थेट सड्यापर्यंत नेऊन पोहोचवतो. गुडघ्यांची पायपीट वाचते, हे उत्तमच. मात्र त्याबरोबर एक नवे काम घरात आले आहे: लांब, लवचीक आणि टोकदार वस्तू माणसांनी भरलेल्या गाडीतून नीट नेण्याचे.

आरोग्याच्या स्तंभात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. कारण असे, की गरवायला गेलेल्या ज्येष्ठांच्या ज्या जखमा आणि दुखणी दवाखान्यात माझ्यासमोर येतात, त्यांतील बरीच पाण्याच्या काठावर नव्हे, तर गाडीच्या दारात घडलेली असतात. कोणी छपरावर काठी बांधताना खांदा दुखावून घेतलेला असतो, कोणी टायरवर चढताना घसरलेला असतो, कोणाच्या तळहातात गळ रुतलेला असतो. अशी एखादी घटना घडली, की घरातून निर्णय येतो, ‘‘बाबा, आता हे पुरे.’’ काठी पुन्हा माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर त्या माणसाची आठवड्यातली एकमेव सहलही संपते. खरे तर थांबवायला हवी होती ती काठी नेण्याची चुकीची रीत, गरवणे नव्हे.

म्हणून आज दोनच सूत्रे मांडतो. पहिले, काठीची जागा आणि माणसाची जागा वेगळी असावी. दुसरे, ज्येष्ठ व्यक्तीचे हात या कामासाठी खांद्याच्या वर जाऊ नयेत. पुढील सर्व सूचना या दोन सूत्रांतूनच निघतात.

गळ आधी सोडवा, मग काठी उचला

पुष्कळ जण पुढच्या खेपेची सोय म्हणून गळ, शिसे आणि दोरा काठीला तसाच ठेवून ती गाडीत टाकतात. ही सवय आजच मोडावी. दोरा गळाच्या वर कापावा किंवा जोडकडीतून सोडवावा, गळ आणि शिसे झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावे, रीळ शक्य असल्यास काठीवरून उतरवून वेगळ्या पिशवीत घालावे आणि काठीचे तुकडे सुटे करून कापडी खोळीत सरकवावेत. या कामाला पाच मिनिटे लागतात.

या पाच मिनिटांचे मोल एका उदाहरणाने सांगतो. एका गृहस्थांच्या काठीवरील गळ परतीच्या वाटेत निसटून गाडीतील पायपुसण्यात अडकला. चार दिवसांनी त्यांच्या पत्नी अनवाणी पायाने गाडीत बसल्या. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. तळपायाची संवेदना जवळजवळ गेलेली. गळाचे टोक टाचेत मोडून राहिले, तरी त्यांना ते कळले नाही. कळले ते मोज्यावर ओला डाग दिसला तेव्हा. जखम भरायला दोन महिने लागले. मधुमेहामुळे पायाची जाणीव बोथट झालेली व्यक्ती घरात असेल, तर गरवून आल्यावर गाडीतील पायपुसणी बाहेर काढून झटकणे हा केवळ स्वच्छतेचा भाग राहत नाही. तो उपचाराचाच भाग होतो.

शिशाबद्दलही थोडे सांगायला हवे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एकाएकी थांबली, तर आतील सुट्या वस्तू त्याच वेगाने पुढे झेपावतात. सुमारे १० मीटर, म्हणजे साधारण तिमजली इमारतीच्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर पोहोचताना जो वेग येतो, तोच हा वेग. मागच्या फळीवर सुटा पडलेला शिशाचा गोळा समोर बसलेल्याच्या डोक्याला काय करू शकेल, याची कल्पना यावरून करावी. डबा आसनाखाली किंवा सामानाच्या जागेत तळाशी, अडकवून ठेवावा. शिसे विषारी आहे. त्याचे मणी दाताने दाबून दोऱ्यावर बसवू नयेत, पक्कड वापरावी आणि डबा उघडल्यानंतर हात धुतल्याशिवाय डब्यातली पोळी किंवा औषधाची गोळी तोंडात घालू नये. नातवंडांच्या हाती तर हा डबा कधीच लागू नये.

काठी गाडीच्या आत न्यायची असेल तर

ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीची काठी म्हणजे जिचे तुकडे होतात किंवा जी दुर्बिणीसारखी मिटते ती. दहा फुटांची दोन तुकड्यांची काठी सुटी केली, की पाच-पाच फुटांचे भाग उरतात. मागच्या आसनाची एक बाजू दुमडता येत असेल, तर ते खोळीत घालून त्या बाजूने तळाशी आडवे ठेवता येतात. दोन ठिकाणी पट्ट्याने बांधले, की खडखडाट नाही आणि धोकाही नाही. ही पद्धत मला सर्वांत पसंत आहे, कारण हिच्यात कोणालाही हात कमरेच्या फार वर न्यावा लागत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. काठी दोन्ही पुढच्या आसनांच्या मधून डॅशबोर्डपर्यंत काढू नये. अनेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत तिथेच गिअरच्या दांड्याशेजारी चार चाकांचा जोर लावण्याची दुसरी दांडी असते; उतारावर काठीची मूठ त्यांत अडकली, तर चालकाची तारांबळ उडते. काठीचे बारीक टोक कोणाच्याही चेहऱ्याच्या दिशेने नसावे. दार लावण्यापूर्वी टोक दाराच्या फटीत नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. काठ्या मोडतात त्या बहुधा माशाने ओढल्याने नव्हे, तर दारात चिमटल्याने.

गाडीच्या आतील छताला पट्टे लावून काठ्या लटकवण्याचीही एक रीत आहे. ती दिसायला नीटनेटकी असली, तरी त्यासाठी खिडकीवरच्या आधाराच्या मुठी वापरल्या जातात. आजच्या बऱ्याच गाड्यांत खिडक्यांच्या वरच्या कडेतून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. त्यांच्या वाटेत काठ्या आल्या, तर अपघातात रक्षण करणारी वस्तूच काठ्या डोक्यावर फेकेल. शिवाय उंच गाडीत चढता-उतरताना वयस्कर माणसाला याच मुठीचा आधार लागतो. तो आधार काठीसाठी काढून घेणे शहाणपणाचे नाही.

छपरावर न्यायची असेल तर

काठी एकसंध असेल किंवा माणसे जास्त असतील, तर छपराखेरीज मार्ग उरत नाही. अशा वेळी बंद नळी उत्तम. नळकामात मिळणारा ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप काठीपेक्षा थोडा लांब घ्यावा. पुढचे टोक कायमचे बंद करावे, मागच्या टोकाला फिरकीचे झाकण लावावे, आत दोन्ही टोकांना फोमचा तुकडा बसवावा आणि मागच्या टोकाजवळ खालच्या बाजूने पाणी निथळण्यासाठी एक लहान भोक पाडावे. हा पाइप छपरावरील सामानाच्या चौकटीला, म्हणजे कॅरियरच्या आडव्या दांड्यांना, किमान दोन ठिकाणी धातूच्या पकडींनी कायमचा जोडून घ्यावा. गाडीला कापडी छप्पर असेल, तर त्यावर काहीही बांधू नये. छपरावर किती वजन चालते, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते; ते पाहून घ्यावे. नळी उन्हाने काही वर्षांत ठिसूळ होते, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला तिला तडा गेला नाही ना, हे पाहावे.

आता खांद्याविषयी. या गाड्यांचे छप्पर जमिनीपासून सुमारे पावणेसहा ते सात फुटांवर असते. म्हणजे तिथे काठी ठेवायची, तर हात डोक्याच्या पातळीवर किंवा वर जाणारच. साठीनंतर खांद्याच्या सांध्याला वेढणारे स्नायुबंध झिजलेले असतात. पुष्कळांना ही झीज जाणवतही नाही. ती जाणवते अशाच एखाद्या झटक्यात. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखते आणि त्यापुढे वेदना कमी होते, असे असेल, तर ती त्या स्नायुबंधांची तक्रार समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे. झटक्यानंतर हात स्वतःहून वर उचललाच जात नसेल, तर वाट पाहू नये. मान मागे टाकून वर पाहत काम करताना काहींना भोवळ येते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून छपरावरील काम तरुण हातांनी करावे. घरात तरुण हात नसतील, तर छपराचा विचार सोडून मिटणारी काठी घ्यावी. टायरवर, पायरीच्या कडेवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून काठी बांधणे पूर्ण वर्ज्य. पासष्टीनंतर त्या तीन फुटांवरून पडणे खुब्याचे हाड मोडायला पुरेसे असते.

नळी नसेल आणि काठ्या बांधायच्याच असतील, तर बांधायला काय वापरता, हे महत्त्वाचे. दुचाकीमागे सामान बांधायला आपण जो दोन्ही टोकांना आकडे असलेला ताणरबर वापरतो, तो इथे नको. ताणलेला आकडा निसटला, तर तो थेट बांधणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. त्याने बुबुळ फाटल्याचे आणि दृष्टी गेल्याचे प्रकार नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तर असा आघात अधिकच घातक. विणलेला सपाट पट्टा आणि दाबाचे बक्कल वापरावे. पुढे एक आणि मागे एक असे दोन पट्टे आवळावेत आणि पट्ट्याची सुटी टोके गुंडाळून अडकवावीत. कातळावरच्या वाटेने गाडी हिंदकळते आणि पहिल्या काही मिनिटांतच गाठी सैल होतात. त्यामुळे निघाल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबून बांधणी तपासावी. तेवढ्यात आजोबांचेही पाय मोकळे होतात.

बॉनेटवर आणि छपरावर चुंबकाने किंवा चोषकाने चिकटणारे काठीधारक बाजारात मिळतात. एका खडकावरून शेजारच्या खडकापर्यंत गाडी हळू न्यायची असेल, तर ते ठीक; हमरस्त्यावर नकोत. खारट धुळीच्या पत्र्यावर चोषक धरत नाही आणि प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर चुंबक चिकटत नाही. निसटलेली काठी मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी भाल्यासारखी ठरते.

मागच्या जादा चाकाजवळ काठ्या उभ्या खोचून नेणे हा सर्वांत वाईट प्रकार. आंब्या-फणसाच्या फांद्या तर आहेतच, पण खरा धोका विजेच्या तारांचा. कार्बनची काठी वीज वाहून नेते. वाड्यांमधून जाणाऱ्या तारा कुठे किती खाली झुकलेल्या असतील, याचा नेम नसतो. त्यामुळे काठी जोडायची ती गाडीपासून दूर, वर मोकळे आकाश पाहून. आणि गाडीत भरताना नेहमी आडवी. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागले, तर काठी ताबडतोब खाली ठेवून पक्क्या धातूच्या छपराच्या गाडीत बसावे व काचा बंद कराव्यात. कापडी छप्पर विजेपासून तसे संरक्षण देत नाही.

गाडीच्या बाहेर डोकावणारा माल हा कायद्याचाही प्रश्न आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वाहनाच्या मर्यादेबाहेर जाणाऱ्या मालासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. काठी पुढे-मागे लोंबकळत नेण्यात बचत काहीच नाही.

चढता-उतरताना हात मोकळे

उंच गाडीतून उतरताना एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बादली, हे चित्र नेहमीचे. पडायला एवढे पुरते. आधी माणूस उतरेल, मग सामान, हा क्रम घरच्यांनी कटाक्षाने पाळावा. रक्तदाबाच्या गोळ्या किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध घेणाऱ्यांचा रक्तदाब बसून एकदम उभे राहिल्यावर खाली येऊ शकतो. तासभर गाडीत बसल्यावर दार उघडावे, दोन्ही पाय बाहेर वळवावेत, मिनिटभर आसनाच्या कडेवर बसून घोटे हलवावेत आणि मग मूठ धरून उतरावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. वयस्कर व्यक्तीला तीन दारांच्या गाडीत मागे बसवू नये. पुढचे आसन वाकवून तिथे शिरणे गुडघ्यांना आणि पाठीला जड जाते. पुढे बसवावे आणि पट्टा लावावा. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावाच.

गळ रुतलाच तर

गळाच्या टोकाजवळ एक उलटा दात असतो. तो आत गेला, की उलट ओढल्यावर मांस फाटते. म्हणून गळ ओढू नये. दोरा कापून टाकावा, गळ हलणार नाही अशा बेताने त्याच्या बाजूने कापडाच्या घड्या ठेवून पट्टी बांधावी आणि दवाखाना गाठावा. जागा बधिर करून तो काढणे डॉक्टरांसाठी अवघड नसते. गळ डोळ्याला किंवा पापणीला लागला असेल, तर चोळू नये, दाबू नये, पाण्याने धुऊ नये. डोळ्यावर कागदी पेला उपडा ठेवून त्याच्या कडा चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला चिकटवाव्यात आणि थेट नेत्ररुग्णालयात जावे. पेल्याचा दाब डोळ्यावर येऊ देऊ नये.

रक्त पातळ करणारी औषधे, उदाहरणार्थ वॉरफरिन, अपिक्सॅबॅन किंवा क्लोपिडोग्रेल, चालू असतील, तर रक्त उशिरा थांबते. गळ आत नसलेल्या जखमेवर स्वच्छ कापडाने दहा ते पंधरा मिनिटे सलग दाब द्यावा. मध्येच कापड उचलून पाहू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली, हे डॉक्टरांना सांगावे. मळकट जखमेत पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर बूस्टर घ्यावा लागतो. शेवटचा डोस आठवत नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

खाऱ्या व मचूळ पाण्यात काही जिवाणू असे असतात, की ते जखमेतून झपाट्याने पसरतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्यांपैकी एक. यकृताचा जुना आजार, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. जखमेभोवती लाली पसरणे, जखमेच्या मानाने फार वेदना, काळसर फोड, थंडी-ताप यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे आणि जखम समुद्राच्या पाण्यात झाली, हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने औषधाची निवड बदलते.

घरच्यांना शेवटचे सांगणे

मुला-सुनांनो, वडिलांची काठी माळ्यावर टाकण्यापूर्वी एकदा कामांची वाटणी करून पाहा. गाठ मारणे, आमिष निवडणे, भरती-ओहोटीची वेळ काढणे ही त्यांची कामे; त्यांतला त्यांचा हात तुमच्यापेक्षा सरस असतो. छपरावर चढवणे, पट्टा आवळणे, पायपुसणी झटकणे ही तुमची. अशी वाटणी झाली, की त्यांना आपण ओझे झालो आहोत असे वाटत नाही आणि तुम्हालाही दिवसभर धास्ती राहत नाही. समुद्राकाठी चार तास मोकळ्या हवेत, कोवळ्या उन्हात, कोणाशी तरी बोलत घालवणे हे सांध्यांना, झोपेला आणि मनाला किती मानवते, हे मी माझ्या रुग्णांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ते सहज बंद करू नये.

पहिल्या सहलीच्या आदल्या संध्याकाळी, अंगणात उजेड असताना, सगळी बांधणी एकदा करून पाहावी. पहाटे चारच्या अंधारात, ओहोटी गाठण्याच्या घाईत शिकायची ही गोष्ट नाही.